दाभोशाच्या जीपचा अलार्म

गाडीला अलार्म लावणाऱ्यांबद्दल माझं मत कुणी विचारू नये. विचारलं तर मी सांगते, आणि एकदा सांगायला लागले की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाही. अलार्म म्हणजे आपल्या जिवाची घालमेल शेजाऱ्यांच्या कानात ओतायची सोय. मालकानं खुशाल चहा पीत बसावं आणि आम्ही कानात बोटं घालून कामं करावीत. चोर येणार वर्षातून एकदा, तोही आला तर. आम्ही मात्र रोजचे तिथलेच.

जव्हारला दाभोसा गावाच्या जीपा सुटतात त्या नाक्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. एक शटर, दोन मशिनी, मापं घ्यायला पडदा लावलेला कोपरा, आणि बाहेर तीन पायऱ्यांवर गिऱ्हाइकांना टेकायला एक बाकडं. नवरा गेल्यापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी तिथंच असते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, साडीला फॉल, जे येईल ते. माझी जीभ तिखट आहे. कपडा वेळेवर मिळतो म्हणून बायका ती ऐकून घेतात.

ज्याच्या अलार्मबद्दल मी बोलतेय तो जीपवाला दाभोशाचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. नाक्यावर आला तेव्हापासून मला ताई म्हणायचा, आणि मी त्याला मेल्या, बाबा, जे तोंडात येईल ते. कितीतरी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या जीपा चालवल्या. मग एक दिवस स्वतःची घेऊन आला. चार हात फिरून आलेली, पत्रा गंजलेला, हँडब्रेक नावाला, स्टेअरिंगचं लॉक आधीच्या कुठल्यातरी मालकानं मोडून ठेवलेलं. उभी केली की चाकामागे दगड लावायचा, नाहीतर निघाली उतारानं. पण यानं तिला हार घातला, नारळ फोडला आणि पेढ्याचा पुडा घेऊन पहिला माझ्या दुकानात आला. म्हणाला, "ताई, आता माझी पोर भट्टीवर जाणार नाय."

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांवर ट्रक येतात आणि माणसं बायकापोरांसकट, भांड्याकुंड्यांसकट भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत. हा स्वतः असाच वाढला. तिसरीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. बायकोचीही तीच गत. त्यांची एकुलती एक पोर तेव्हा चौथीत होती, पाढे घडाघडा म्हणायची, आणि बापाला वाटायचं ही आता शिकणार. सांभाळायला घरी आजी-आजोबा कुणी नाहीत. आईबाप भट्टीवर गेले तर पोरही जाणार. म्हणजे त्या जीपच्या चार चाकांवर काय उभं होतं ते मला पहिल्या पेढ्यापासून माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे कुणी म्हणेल, हिला कल्पना नसेल बिचारीला.

आता नाक्याची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जीपा रांगेत उभ्या असतात. पहिली भरली, मागे चार जण लटकले, की ती सुटते आणि बाकीच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. पण ड्रायव्हर काही गाडीला चिकटून बसत नाही. कुणी चहाला जातो, कुणी बाजारात, कुणी कुठल्या कचेरीत खेटे घालायला. म्हणून नाक्यावर कायमची रीत अशी की किल्ली गाडीतच ठेवायची. जो जवळ असेल त्यानं बसायचं आणि गाडी पुढे घ्यायची. गाडी कुणाची, हात कुणाचा, हे बघायचं नाही. कुणी कुणाची गाडी पळवली असं माझ्या एवढ्या वर्षांत झालं नव्हतं.

मग एकदा कुणीतरी त्याच्या जीपच्या टाकीतलं डिझेल काढलं. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाची बॅटरी गेली. हा कसल्याशा पार्टसाठी नाशिकला गेला होता, तिथून अलार्म बसवून आला. रिमोट बोटात गरगर फिरवत माझ्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, जरा हात लावा गाडीला." मी लावला. आई गं! आधी ॲम्ब्युलन्स, मग पोलिसांची गाडी, मग जत्रेतली पिपाणी, मग कुणी मूल चिमटे काढून रडवावं तसं काहीतरी. असे सहा आवाज, एकामागून एक, आणि सहावा संपला की परत पहिला. तो मात्र पोराचं बारसं असल्यासारखा हसत होता.

पहिल्यांदा खरोखरचा वाजला तेव्हा सगळा नाका धावला, हे मी कबूल करते. केळीवाला हातातलं वजन घेऊन धावला. न्हावी वस्तरा घेऊन धावला, आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. मी कात्री घेऊन उतरले. बघतो तर एक बोकड जीपच्या बंपरला मान घासतोय. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्यांदा कमी जण धावले. तिसऱ्यांदा कुणी उठलं नाही, फक्त मान वळवली. त्यानंतर मानही वळेना. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, ते काही उगीच नाही.

कशानं वाजायचा म्हणाल तर कशानं नाही ते विचारा. एसटी वळली की वाजायचा. ढग गडगडले की वाजायचा. कावळा टपावर बसला, पोरांचा चेंडू लागला, कुणी म्हातारी जीपला टेकून चप्पल झटकायला लागली, की सुरू. आणि एकदा त्याच जीपची मागची स्टेपनी भर बाजारातून कुणीतरी पान्यानं खोलून नेली, तेव्हा हा शहाणा गप्प! हूं नाही की चूं नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या राखणदाराला बोकड कळतो, चोर कळत नाही." तर म्हणतो, "स्टेपनीला वायर जोडलेली नाय ना, ताई." म्हणजे चोरानं आधी विचारून यायचं की बाबा, कुठं वायर आहे आणि कुठं नाही.

खरा वैताग पुढेच आहे. अलार्म आला तशी यानं किल्ली खिशात ठेवायला सुरुवात केली. एवढा महागाचा अलार्म लावायचा आणि किल्ली गाडीत ठेवायची, हे त्याच्या बुद्धीला पटेना. मग रांग सरकायची कशी? बाकीचे ड्रायव्हर आधी भांडले. मग त्यांनी आपली युक्ती काढली. खिडकीतून हात घालून गिअर न्यूट्रल करायचा, चाकामागचा दगड लाथेनं उडवायचा आणि चौघांनी मिळून जीप ढकलायची. हात लागला की अलार्म बोंबलायचा. बोंबलू दे. बोंबलणारी जीप ढकलत पुढे नेणं हे नाक्यावरचं रोजचं काम होऊन बसलं. दिवसातून सहा-सात वेळा. प्रवासीही हात लावायचे, माणसं कमी पडली तर केळीवाला यायचा. पोरंसोरं आवाजाच्या तालावर नाचायची.

मी त्याच्याशी किती भांडले त्याला गणती नाही. "तुझी ती बया गप्प कर, नाहीतर मी कात्रीनं तिच्या नसा कापीन," असं मी साऱ्या नाक्यासमोर म्हणाले आहे. एकदा नाही, दहादा. त्याचं ठरलेलं उत्तर, "ताई, वाजतंय म्हणजे काम करतंय." रिमोट घेऊन चहाच्या टपरीवरून धावत यायचा, टुक करून बंद करायचा आणि माझ्याकडे बघून कान पकडायचा. त्याच्यावर रागावणंही धड जमायचं नाही, त्याचाच राग यायचा मला.

आता त्या दिवशीचं. दसऱ्याला आठवडा राहिला होता आणि बाजाराचा दिवस होता. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. दुकानात ब्लाउजांचा ढीग, बाहेर बाकड्यावर तीन बायका वाट बघत बसलेल्या, एकीचं पोर माझ्या डब्यातली बटणं तोंडात घालत होतं. तो जीप रांगेत लावून तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायला गेला होता. जाताना सगळ्या नाक्याला ओरडून सांगून गेला होता, "येतो रे तासाभरात." आणि तो गेल्याबरोबर अलार्म सुरू झाला.

म्हटलं होईल बंद. नाही झाला. मध्येच दोन क्षण थांबायचा, मी हुश्श म्हणायची, की पुन्हा ॲम्ब्युलन्स. पंधरा मिनिटं तरी असं चाललं होतं. माझ्या हातात एक भारी साडीचा पीस होता, गिऱ्हाईक समोर उभं, आणि त्या आवाजात माझी कात्री घसरली. बाही जिथं कापायची त्याच्या दोन बोटं वर कापली गेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कात्री टाकली आणि पायऱ्या उतरले.

जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसला होता. तिशीचा, खांद्यावर खाकी शर्ट, गळ्यात गमछा. वरच्या ओठावर जुन्या टाक्यांची खूण होती, ओबडधोबड घातलेले टाके. माझं लक्ष अशा ठिकाणी आधी जातं, काय करणार. मी ओरडले, "कोण रे तू? बंद कर ते!" तो अजिबात दचकला नाही. हसला. म्हणाला, "मावशी, बदली ड्रायव्हर आहे मी. दादा तहसीलला अडकलाय, मला पाठवलं. स्टार्टर पकडत नाय हो. जरा हात लावा ना सगळे."

दादा तहसीलला गेलाय हे नाक्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण मला वाटलं, याला माहीत आहे म्हणजे त्यानंच सांगितलं असणार. बाजाराच्या दिवशी बदली ड्रायव्हर येतात, त्यात नवल ते काय. रिमोट कुठाय, किल्ली कुठाय, हे कुणी विचारलं नाही. आमची सवयच ती. गाडी कुणाची, हात कुणाचा, बघायचं नाही. पुढच्या दोन जीपा नुकत्याच सुटल्या होत्या, समोर उतार मोकळा होता. दोन ड्रायव्हर आले, केळीवाला आला, दाभोशाला जाणारे चार-पाच प्रवासी आले. एकानं दगड लाथाडला. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पदर खोचला, मागच्या पत्र्याला दोन्ही हात लावले आणि पाय रोवून ढकललं. नवरा वारला त्या वर्षापासूनचा सगळा संताप त्या ढकलण्यात होता म्हणा ना.

जीप उतारावर लागली, गचकन एक हिसका बसला, काळा धूर आला आणि इंजिन धडधडलं. मी मागून हात ओवाळून ओरडले, "घेऊन जा एकदाची ही बया, आणि परत आणू नकोस!" सगळा नाका हसला. केळीवाल्यानं टाळी दिली. प्रवासी ओरडत होते, "अरे थांब, आम्हाला तर घे," पण त्यांना वाटलं खाली वळवून परत आणेल. ते पिशव्या सांभाळत तिथंच उभे राहिले.

मी पायरी चढून वर आले. माझ्या वरच्या पायरीवरून उताराच्या तळाचा फाटा दिसतो. नाक्यावर उभ्या माणसाला तो दिसत नाही, मध्ये हॉटेलची भिंत येते. दाभोशाची जीप त्या फाट्याला उजवीकडे जाते. ही डावीकडे वळली, विक्रमगडच्या बाजूला, एकही प्रवासी न घेता, बोंबलत. क्षणभर मनात आलं, अगं बाई, ही तिकडे कुठं चालली? पण तेवढ्यात आवाज बारीक होत होत थांबला. त्या शांततेनं मला इतकं बरं वाटलं की मी तो विचार तिथंच सोडला. आत गेले आणि बिघडलेली बाही कशी सावरायची ते बघत बसले.

तासाभरानं तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला. दाखला मिळाला म्हणून खुशीत होता. रांगेत गाडी नाही हे बघून म्हणाला, "कुठं ढकललीत रे?" केळीवाल्यानं केळ्यांवर पाणी मारायला घेतलं. "मस्करी नका करू. भाडं उभं आहे माझं." तेव्हा एक ड्रायव्हर म्हणाला, "तू बदली पाठवला होतास ना?" त्यावर त्याचा चेहरा असा झाला की मी पायरीवरून आत निघून गेले. मी पळाले, असं म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी पोलीस आले. नाक्यावरचा मेकॅनिकही तिथं होता. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की अलार्म वाजला की स्टार्टरचा करंट तुटतो, तशीच जोडणी होती. वायरी जोडून स्टार्टर मारत बसला असता तर रात्र झाली असती तरी ती जीप जागची हलली नसती. ढकलून सुरू करायला मात्र स्टार्टर लागतच नाही. म्हणजे बघा, ज्या अलार्मला मी दोन महिने शिव्या घातल्या, त्यानं आपलं काम चोख केलं होतं. चोराला पंधरा मिनिटं तिथं खिळवून ठेवलं होतं, आणि सारा गाव कानांवर हात ठेवून बसला होता. चोराच्या हातून जे होत नव्हतं ते आम्ही करून दिलं.

मेकॅनिकचं बोलणं संपलं आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला होता ते एकमेकांकडे बघायला लागले. पोलीस जरा लांब गेल्यावर एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, "कुणी काही बघितलं नाय. काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हवालदार माझ्या दुकानाशी आला तेव्हा मी म्हणाले, "मी आत होते, मशीन चालू होती. मशीनच्या आवाजात बाहेरचं कळत नाही." ज्या अलार्मनं अख्खा नाका बहिरा केला तो मला मशीनच्या आवाजात ऐकू आला नाही! त्यानं मुकाट लिहून घेतलं. गाडी कुठल्या बाजूला गेली, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. बाकीच्यांनी सांगितलं, दाभोशाकडेच गेली असणार, तिथून सिल्वासाची हद्द जवळ. मग शोध सगळा तिकडे झाला. डावीकडे कुणी गेलंच नाही.

मी का नाही बोलले? अजूनही हा प्रश्न मनात आला की मी तावातावानं उत्तर द्यायला लागते. सगळ्या नाक्यासमोर मी त्या जीपला शिव्या घातलेल्या. "परत आणू नकोस" हे तर चारचौघांत ओरडलेले. आता मी म्हटलं असतं की मीच ढकलली आणि मीच वळताना बघितली, तर लोक काय म्हणाले असते? म्हणाले असते, हिनं मुद्दामच घालवली. गावाची जीभ मला माहीत आहे, माझी स्वतःचीच तशी आहे. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, काल का नाही? तिसऱ्या दिवशी तर आणखीच अवघड. असं करत करत दसरा गेला. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

तो मात्र रोज यायचा. संध्याकाळी पाच-साडेपाचला येऊन बाकड्यावर बसायचा. पहिले काही दिवस विचारायचा, "ताई, काही कळलं का हो?" मी म्हणायची, "मला काय कळणार? पोलिसांना विचार." नंतर तो विचारेनासा झाला. नुसता बसायचा. मी चहा मागवायची, तो प्यायचा, कप धुऊन ठेवायचा. मी खाली मान घालून मशीन चालवायची. कित्येकदा सुईत दोराही नसायचा. बदली म्हणून त्याला कुणी गाडीवर बोलावत नव्हतं, कारण ज्यांनी ढकलली होती त्यांना त्याच्याशेजारी उभं राहवत नव्हतं. तेवढं मला दिसत होतं. मी त्या ड्रायव्हरांना मनातल्या मनात नालायक म्हणायची. कुसळ आणि मुसळ म्हणतात ना, तशातली गत.

एकदा तो पोरीला घेऊन आला होता. ती बाकड्यावर बसून मोठ्यानं वाचत होती, बाप ऐकत होता. मी मशीन थांबवली आणि म्हणाले, "अरे, ऐक." त्यानं झटकन मान वर केली. इतक्या झटकन की मी घाबरले. मी म्हणाले, "चहात साखर कमी वाटली का?" त्यानं कपातला उरलेला घोट घेतला. मग म्हणाला, "नाय, बरोबर आहे." लाज वाटते मला हे लिहायला, पण झालं ते असं झालं.

दिवाळी झाली. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी सकाळी मी शटर उघडलं तर नाक्यावर भट्टीचा ट्रक उभा. चार-पाच पाड्यांची माणसं गोळा झालेली. गुंडाळलेल्या चटया, पातेली, तांदळाची गोणी, एका बाईच्या काखेत कोंबडी. आणि त्यांच्यात तो, त्याची बायको आणि पोर. पोरीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. बापानं ते घरी ठेव म्हटलं असणार, तिनं ऐकलं नसणार. ते दप्तर बघितलं आणि माझ्यानं राहवेना. शटर अर्धं तसंच ठेवून मी रस्ता ओलांडला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी जीप ढकलणाऱ्यांत मीही होते. आणि ती विक्रमगडच्या बाजूला वळली. मी पायरीवरून बघितलं. पोलिसांना खोटं सांगितलं मी." त्याची बायको चटईला दोरी बांधत होती, तिचे हात थांबले. मला ते सहन होईना. मी म्हणाले, "पोरीला माझ्याकडे ठेवून जा. शाळा माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. जेवण, कपडे, सगळं माझ्याकडे. तुम्ही पावसाआधी याल तेव्हा घेऊन जा. ठेव रे, खरंच ठेव."

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही ढकलली ते मला माहीत होतं. केळीवाला त्याच संध्याकाळी घरी आला, रडला, सगळ्यांची नावं सांगून गेला. मग दोघं ड्रायव्हर आले. ते प्रवासी पण आले, आमच्याच बाजूचे होते. एकेक करून सगळे येऊन सांगून गेले. तुम्हीच राहिला होता. वळली कुठं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं."

मला काय झालं कुणास ठाऊक. रडायचं सोडून मी त्याच्यावर ओरडले. भर नाक्यात, सगळ्या माणसांसमोर. "मग मला विचारायचं होतंस ना मेल्या! तोंड नव्हतं तुला? विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं का?"

त्याची बायको चटई घेऊन ट्रकमध्ये चढली. त्यानं पोरीला उचललं आणि तिच्या हातात दिलं. मग माझ्याकडे वळला.

"रोज येऊन बसत होतो," तो म्हणाला. "अजून कसं विचारतात, बाई?"

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी बाई म्हटलं नव्हतं.